चौकट: यात्रेतल्या तंबूपासून आपल्या हॉलपर्यंत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा सर्वांची समजूत होती की मी सोसायटीच्या हिशेबांवर लिहीन. बँकेत ३७ वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण सिंकिंग फंड आणि थकबाकी या विषयांवर मी दर वार्षिक सभेत पुरेसं बोलतो आणि सभासद पुरेसं सहन करतात. म्हणून या वेळी विषय वेगळा घेतला आहे. टीव्हीवरच्या चित्राचा आकार. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही यंदाच्या गुढीपाडव्यापर्यंत तसंच वाटत होतं.

पाडव्याला आपल्या हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही बसवला. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात भूमिपूजनाचं चित्रीकरण दाखवायचं ठरलं होतं, म्हणून त्याच दिवशी त्याची चाचणी घेतली. भूमिपूजन २००० सालच्या दसऱ्याचं. तेव्हा ते व्हिडिओ कॅसेटवर घेतलं होतं, पुढे कधीतरी त्याची डीव्हीडी करून घेतली, ती सेक्रेटरींच्या कपाटात होती. आपले पहिले चेअरमन, ज्यांना सगळी सोसायटी अण्णा म्हणायची, त्यांना जाऊन आता ११ वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, पण अण्णा चालताना, बोलताना दिसतात ते एवढ्या एकाच ठिकाणी. नंतर राहायला आलेल्या सभासदांनी तर त्यांना पाहिलेलंच नाही. वहिनींना मुद्दाम खाली बोलावलं, पुढची खुर्ची दिली.

मंडप दिसला, केळीचे खांब दिसले, गुरुजी दिसले, आणि अण्णा कुदळ घेऊन पुढे आले. मुलं फिसकन हसली. वहिनी थोडा वेळ पाहत राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "भाऊजी, हे एवढे जाड कधी होते हो?"

ज्यांनी अण्णांना पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. सडपातळ माणूस, शर्ट नेहमी अंगात सैल. उपनिबंधकांच्या कचेरीत सायकलवरून किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब नाही. पडद्यावर मात्र एखादे पोट सुटलेले कंत्राटदार उभे असावेत तसे दिसत होते. पूजेचा कलश घमेल्यासारखा. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, मलाच नीट दिसत नसेल," असं म्हणून वहिनी उठल्या आणि घरी गेल्या. हे मला लागलं. चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती. मग कुणाची, हे शोधायला मी बसलो, आणि शोधता शोधता सव्वाशे वर्षं मागे गेलो.

पण आधी माझ्याच आठवणीतला एक किस्सा सांगतो. १९६८ किंवा ६९ साल असेल. मी कॉलेजात होतो. नाताळच्या सुट्टीत पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला गेलो होतो आणि रात्री तंबूतल्या सिनेमात बसलो. चित्र सुरू झालं तर नायक शेवग्याच्या शेंगेसारखा लांबट, नायिका त्याहून लांब, घोडा जिराफासारखा. दोन मिनिटं लोकांनी सहन केलं, मग शिट्ट्या सुरू झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, भिंग लाव की!" ऑपरेटरने यंत्राच्या तोंडावर दुसरं भिंग चढवलं आणि चित्र एकदम दोन्ही बाजूंना उघडलं, ते इतकं की थोडं कनातीवरही सांडलं. माणसं माणसांसारखी दिसू लागली. टाळ्या पडल्या.

त्या दिवशी कळलं नाही, आता कळलं, की तंबूतले लांबट नायक आणि आपल्या हॉलमधले जाड अण्णा ही एकाच दुखण्याची दोन रूपं आहेत. चित्र एका चौकटीसाठी काढलेलं आणि दाखवलं दुसऱ्या चौकटीत.

चौकटीचा इतिहास असा. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या अमेरिकेतल्या कारखान्यात विल्यम डिक्सन नावाचा माणूस काम करत होता. त्याने ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, दोन्ही कडांना भोकं पाडली आणि चार भोकांच्या उंचीला एक चित्र बसवलं. त्यातून चार भाग रुंद आणि तीन भाग उंच अशी चौकट तयार झाली. असं का, तीनच भोकं का नाहीत, याला फार मोठं शास्त्र नव्हतं. पण एकदा पडलेली वहिवाट मोडत नाही, हे सातबारा पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच चौकटीत झाला. बोलपट आल्यावर फिल्मच्या एका कडेला आवाजाची पट्टी आली, जागा कमी पडली, तेव्हा १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने थोडी दुरुस्ती करून तीच चौकट कायम केली. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' याच जवळजवळ चौकोनी चौकटीत पाहायला हवा. चौकट भरावी म्हणून टीव्हीवर 'झूम' करून तो पाहणारे लोक मला माहीत आहेत. वैकुंठगमनाच्या प्रसंगात विमान वर जायच्या आधीच कापलं जातं आणि खालची माणसं कुणाकडे बघताहेत तेच कळत नाही.

पुढे टीव्ही आला तेव्हा त्यानेही सिनेमाचीच चारास तीन ही चौकट उचलली. अमेरिकेत १९५० च्या सुमारास लोक घरीच बसून फुकट चित्रं बघू लागले आणि थिएटरं ओस पडायला लागली. घरातल्या खोक्यात मावणार नाही असं काहीतरी दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक परत येणार नाही, हे सिनेमावाल्यांनी ओळखलं. फ्रान्समधल्या आँरी क्रेतियें या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच एक भिंग करून ठेवलं होतं. त्यातून चित्र घेताना ते आडवं दाबलं जातं, म्हणजे रुंद देखावा त्याच ३५ मिलिमीटर फिल्मवर मावतो, आणि दाखवताना उलटं भिंग लावून पुन्हा ताणून सरळ करायचं. ते तीसेक वर्षं धूळ खात पडलेलं भिंग १९५३ साली 'द रोब' या चित्रपटासाठी बाहेर आलं. यालाच आपण सिनेमास्कोप म्हणतो. पुसेगावचा ऑपरेटर विसरला होता ते हेच दुसरं भिंग.

आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्तचा 'कागज के फूल', १९५९ सालचा. आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. म्हणजे रुंद पडदा आणि अरुंद खोकं आपल्या देशात एकाच वर्षी जन्मले. भांडण तेव्हापासूनचं आहे. 'शोले' १९७५ साली आला तेव्हा मी सांगलीच्या शाखेत होतो. मुंबईच्या मिनर्व्हात तो ७० एमएमवर लागला होता. मूळ चित्रीकरण ३५ एमएमचंच, त्यामुळे रुंद चौकटीत बसवण्यासाठी वरखाली कापावं लागलं होतं. सांगलीत आम्ही साध्या पडद्यावर पाहिला. मुंबईला जाऊन आलेला आमचा एक कॅशियर रोज जेवणाच्या सुट्टीत आम्हाला आम्ही किती कमी पाहिलं ते सांगायचा. प्रत्यक्षात वरखालचं थोडं आम्हालाच जास्त दिसलं असणार. हे तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

साताऱ्यात टीव्ही आमच्या घरी आला १९८४ साली. २० इंची, काळा-पांढरा, लाकडी सरकत्या दाराचा. अँटेना सिंहगडाच्या दिशेला, तिला बूस्टर, आणि तरीही अर्धा वेळ मुंग्या. अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा त्यानंतरचा. आकाराची दुखणी तेव्हाही होती, पण वेगळी. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं, म्हणून घरोघरी स्टॅबिलायझर आले. टीव्हीच्या पाठीमागे उंची-रुंदीचे स्क्रू असत. मेकॅनिकला मुद्दाम कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बोलवायचं, कारण तेव्हा दूरदर्शनवर मोठ्या वर्तुळाची आकृती असायची. तो पडद्याशी नाक लावून स्क्रू फिरवायचा आणि आम्ही समोरून सांगायचो, "अजून अंड्यासारखं आहे... आता गोल." रामायण सुरू झालं १९८७ च्या जानेवारीत, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या खोलीत ३० माणसं असायची, आणि त्यातल्या एकानेही राम जाड दिसतो अशी तक्रार केली नाही. चित्र चारास तीन आणि खोकंही चारास तीन. तंटा नव्हता.

तंटा उभा राहिला तो रुंद टीव्ही आल्यावर. नव्या टीव्हीची चौकट सोळास नऊ. हे आकडे आले कुठून, याचं मला कुतूहल होतं. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकन तंत्रज्ञाने तोवर वापरात असलेल्या सगळ्या चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या कापून एकमेकींवर ठेवल्या. त्या सगळ्यांना वेढणारा आयत आणि त्या सगळ्यांच्या पोटात बसणारा आयत, दोन्हींचं प्रमाण एकच निघालं. मी ते कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. जुन्या टीव्हीचे १.३३, सिनेमास्कोपचे २.३५, गुणाकार ३.१३, वर्गमूळ १.७७. सोळाला नऊने भागा, १.७८. फक्त एका पैशाचा फरक. म्हणजे ही चौकट कुणाचीच नाही. जुन्या चित्राला ती रुंद पडते, सिनेमास्कोपला अरुंद. कुणालाच पूर्ण पटत नाही पण सगळ्यांना चालवून घेता येते, असा आपल्या जनरल बॉडीत होतो तसला ठराव आहे तो.

आता या ठरावाचा अर्थ असा, की जुनं चित्र नव्या टीव्हीवर लावलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच, आणि सिनेमास्कोप लावला तर वर-खाली राहणार. ५५ इंची टीव्ही म्हणजे साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच. त्यात चारास तीन चित्र बसवलं की ते ३६ इंच रुंद होतं, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच काळं. हे लोकांना सोसत नाही. "५५ इंचांचे पैसे मोजलेत, १२ इंच काळं कशाला?" असं आपल्याच कमिटीतल्या एका सभासदाने मला विचारलं. म्हणून कंपन्या टीव्ही पाठवतानाच बहुधा 'फुल' वर लावून पाठवतात, म्हणजे काहीही आलं तरी ताणून चौकट भरायची. ३६ चे ४८ केले की प्रत्येक माणूस बरोबर एक-तृतीयांशाने जाड होतो.

अण्णांच्या बाबतीत हेच झालं, याचा पुरावा मला चित्रातच मिळाला. भूमिपूजनाच्या मंडपामागे कुंपणाला टेकून त्यांची सायकल उभी आहे. चित्र थांबवून चाकाला पट्टी लावली. आडवं १२ इंच, उभं ९. १२ ला ९, म्हणजे चारास तीन. चोर सापडला. रिमोटवरून 'पिक्चर साइज'मध्ये जाऊन 'फुल'चं 'चारास तीन' केलं आणि चाक गोल झालं. हा पर्याय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते, कुठे 'अस्पेक्ट रेशो', कुठे 'स्क्रीन', पण शोधला की सापडतो.

घरोघरी मात्र प्रकरण एवढं सोपं नसतं, कारण सेट-टॉप बॉक्सचं स्वतःचं वेगळं सेटिंग असतं. बॉक्स एकदा ताणतो, टीव्ही पुन्हा ताणतो. एकच एन्ट्री दोन वह्यांत पोस्ट झाल्यासारखं. बॉक्सला अजून वाटत असतं की पुढे जुना खोका टीव्हीच आहे. वर-खाली काळं आणि शिवाय माणसंही जाड, असं दोन्ही एकदम दिसलं की दोष बॉक्सकडे आहे हे समजावं. त्याला खरं सांगावं की टीव्ही सोळास नऊचा आहे. त्यानंतर टीव्हीला हात लावायची गरज बहुतेक पडत नाही. आपल्या इमारतीत मी आतापर्यंत १४ घरांत हे केलं आहे, चहाच्या मोबदल्यात. 'झूम'ला माझा विरोध आहे, पण एका ठिकाणी तो योग्य. जुन्या चॅनेलवर सिनेमास्कोप लागला आणि चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसलं, तर खुशाल झूम करा, त्यात फक्त काळंच कापलं जातं.

आणखी एक गोष्ट, गेल्या वार्षिक सभेची. लॅपटॉप जोडून ताळेबंद नव्या टीव्हीवर दाखवला आणि शेवटची ओळ, म्हणजे नेमकी बेरीजच, दिसेना. काही सभासदांच्या चेहऱ्यावर शंका दिसली. खोका टीव्हीच्या काळात चित्राची कड थोडी चौकटीखाली झाकलेली असायची, म्हणून चित्र जरा मोठं करून दाखवायची पद्धत पडली. नव्या टीव्हीला झाकायला काही नाही, तरी तो सवयीने मोठं करतो. 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' केलं की बेरीज परत येते. हे मला त्या दिवशी सभेत येत नव्हतं, म्हणून इथे खुलासा केला. बेरीज बरोबर होती.

परत अण्णांकडे येतो, कारण प्रकरण रिमोटवर संपलं नाही. माझा शोध चालू असतानाच कमिटीने ती डीव्हीडी एका दुकानात देऊन 'फुल स्क्रीन' करून आणली होती, पेनड्राइव्हवर. ती लावली. कोणी जाड नाही, काळ्या पट्ट्या नाहीत, सगळे खूश. मग अण्णांनी कुदळ उचलली, खाली आणली, आणि ती पडद्याच्या खालच्या कडेत गेली. जमीन दिसेचना. दुकानदाराने चौकट भरण्यासाठी उंचीतला चौथा भाग कापला होता. वरून सोसायटीच्या नावाचा फलक अर्धा गेला आणि खालून भूमिपूजनातली भूमीच गेली. ताणलेलं चित्र पुन्हा दाबता येतं. कापलेलं परत आणता येत नाही. डीव्हीडी मागायला गेलो तर ती दुकानात सापडेना.

मूळ कॅसेट कुठे असेल याचा कुणालाच पत्ता नव्हता. शेवटी वहिनींनाच विचारलं. त्यांनी अण्णांची ट्रंक उघडून दिली. डायऱ्या, नोंदणीच्या कागदांच्या प्रती, पहिल्या वर्गणीची पावतीपुस्तकं, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट. कडेला पांढरी बुरशी. आता ती चालवायची कशावर? व्हीसीआर करणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची, २०१६ सालीच थांबली. सांगलीच्या शाखेतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे चालू व्हीसीआर निघाला. एसटीने गेलो आणि तो मांडीवर घेऊन आलो. आपल्या सी विंगमधल्या इंजिनियरिंगच्या मुलाने तो कॉम्प्युटरला जोडला. बुरशी पुसताना माझा हात थरथरत होता म्हणून तेही त्यानेच केलं. ४७ मिनिटांचं चित्रीकरण, चारास तीनमध्ये, जसंच्या तसं उतरलं. खालच्या कडेला दोन-चार रेषा थरथरत राहतात. त्या कॅसेटवर पहिल्यापासूनच असतात, खोका टीव्ही त्या झाकून टाकायचा. "आजोबा, कापू का?" असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

एका दुपारी हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. वहिनींना पुन्हा पुढची खुर्ची दिली. अण्णा कुदळ घेऊन आले, वाकले, माती उडाली, आणि कपाळावरचा घाम पुसत कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले. वहिनी म्हणाल्या, "हां. हे." थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "परत लावा." तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्यांचं लक्ष मागे गेलं. "ती सायकल बघा भाऊजी. पुढच्याच वर्षी चोरीला गेली. किती दिवस हळहळत होते."

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात हेच चित्रीकरण दाखवणार आहोत. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच काळं दिसेल. रिमोट माझ्या खिशात असेल.